आकाशपाळण्यात वाजलेला फोन

लातूरच्या कॉलेजातून आम्ही अकरा जण सहा आठवड्यांसाठी इंग्लंडला गेलो, तेव्हा एम.एस्सी.चं दुसरं वर्ष चालू होतं. साठवलेल्या डाळींना लागणारी कीड हा आमचा विषय. तिकडच्या एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत शिकायचं आणि परत येऊन इथल्या डाळमिलांसाठी काम करायचं, अशी ती योजना होती. सोबत आमचे एक सर होते.

कुणी विचारलं तर मी प्रयोगशाळेचं सांगते, बेचव जेवणाचं सांगते. शेवटी दोन दिवस आम्हाला लंडन बघायला नेलं होतं, त्याविषयी विचारलं तर म्हणते, पाहिलं, छान आहे. आणि विषय बदलते.

तिकडं माझ्या खोलीत हदगावची एक मुलगी होती. तिचे वडील एसटीत कंडक्टर. आई घर सांभाळून हंगामात कापूस वेचायला जायची. घर बौद्ध वस्तीत, दोन खोल्यांचं. ती निवडली गेली तेव्हा वस्तीतल्या लोकांनी तिला फेटा बांधून स्टँडपर्यंत वाजत नेलं होतं. मी देवणीजवळच्या एका खेड्यातली. घरची जमीन, दारात देवणी बैलांच्या दोन जोड्या. आमच्या घरात वस्तीवरच्या माणसांसाठी वेगळा कप असायचा. तो माझ्या लहानपणी बंद झाला, असं घरात अभिमानानं सांगत. बंद झालं होतं ते कपाचं. बाकीचं मी तेवीस वर्षांची होईपर्यंत मलाही नीट दिसत नव्हतं.

परीक्षेत माझे मार्क तिच्यापेक्षा जास्त असायचे, पण तिकडं गेल्यावर माझं तोंडच उघडेना. मनात सगळं वाक्य जुळवून व्हायचं आणि तोवर समोरची बाई पुढं निघून गेलेली असायची. हिचं इंग्रजी मोडकंतोडकं, पण ती बेधडक बोलायची. म्हणायची, "चुकलं तर चुकलं. त्यांना मराठी कुठं येतंय?" पहिल्या आठवड्यात दुकानात, बसमध्ये, प्रयोगशाळेत ती माझ्या वाटचंही बोलली. चौथ्या आठवड्यात मला ताप आला. माझ्या प्रयोगात रोज ठरलेल्या वेळी काचेच्या डब्यातले भुंगेरे मोजून नोंद करायची होती. एक दिवस चुकला असता तर सगळा प्रयोग वाया. ती तीन दिवस पहाटे उठून चालत जायची, आधी माझे भुंगेरे मोजायची, मग स्वतःचे.

त्याच आठवड्यात तिचा फोन प्रयोगशाळेच्या सिंकमध्ये पडला आणि कायमचा बंद झाला. तेव्हापासून ती घरी माझ्या फोनवरून बोलायची. तिच्या बाबांचा नंबर मी माझ्याकडं 'बाबा हदगाव' म्हणून ठेवला होता. व्हिडिओ कॉल लागला की ते आधी मलाच विचारायचे, "जेवलीस का, बाई?"

लंडनला पोचलो त्या संध्याकाळी सरांनी सगळ्यांना बसवून काय काय बघायचं ते विचारलं. राजवाडा, मोठं घड्याळ, नदीवरचा पूल, मेणाचे पुतळे, आकाशपाळणा अशी नावं निघाली. हिनं हात वर केला आणि एका घराचं नाव सांगितलं. आपली राज्यघटना लिहिणारे ते महापुरुष विद्यार्थी असताना लंडनमध्ये ज्या घरात राहिले होते, ते घर. कुणाचं, हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. ते आता स्मारक केलंय, कुणालाही बघता येतं. तिच्या घरी दर्शनी भिंतीवर त्यांचीच तसबीर होती. व्हिडिओ कॉलमध्ये बाबांच्या डोक्यामागं ती दिसायची.

खोलीत कुणी काही वाईट बोललं नाही. दोघं-तिघं पुन्हा पाळण्याचं बोलू लागले. मग लातूरचा एक वर्गमित्र, ज्याच्या वडिलांची डाळमिल होती, तो म्हणाला, "ते तुमचं तू बघून ये की निवांत. सगळ्यांनी काय करायचं तिथं?"

'तुमचं' हा शब्द मी ऐकला. तिनंही ऐकला. सर म्हणाले, उद्या अकरा ते तीन मोकळा वेळ आहे, ज्याला जिथं जायचं त्यानं जावं, पण एकट्यानं जायचं नाही. दोघं तरी सोबत पाहिजेत.

खोलीवर आल्यावर मीच तिला म्हणाले, "मी येते तुझ्यासोबत."

"खरंच? तुला पाळण्यात बसायचं होतं न्हवं?"

"पाळणा काय, लातूरच्या जत्रेत पण असतो."

ती हसली आणि लगेच माझ्या फोनवरून घरी बोलली. तिकडच्या साडेबाराला आपल्याकडचे पाच वाजतात. बाबांनी बरोबर पाचला व्हिडिओ कॉल करायचा आणि ती त्यांना ते घर आतून दाखवणार, असं ठरलं. बाबा म्हणाले, ड्युटी बदलून घेतो. पलीकडून बायांचे आवाज आले, आम्हाला पण दाखव गं. ती म्हणाली, सगळेच बसा, सगळ्यांना दाखवते.

दुसऱ्या दिवशी बसनं आम्हाला नदीकाठी आकाशपाळण्याजवळ उतरवलं. ऊन छान पडलं होतं. माझ्या बाकीच्या मैत्रिणी आधीच फोटो काढत होत्या. एकीनं माझा हात धरला. "खरंच चाललीस का तिकडं? आपला शेवटचा दिवस आहे गं. परत कधी येणार आपण?" दुसरी हळू आवाजात म्हणाली, "तिथले फोटो ग्रुपवर पडले तर तुझ्या घरी काय म्हणतील, बघ बाई."

माझे चुलते त्या वेळी गावच्या राजकारणात होते. त्यांच्या बैठकीत असल्या स्मारकांविषयी, वस्तीवरच्या माणसांविषयी काय बोललं जातं ते मी ऐकलेलं होतं. पण खरं सांगायचं तर त्या वेळी माझ्या मनात चुलते फारसे आलेच नाहीत. मला त्या घोळक्यात राहायचं होतं. त्यांच्यातून उठून हिच्यासोबत चालत गेले की मीही 'तुमच्या'त जाईन, याची मला भीती वाटली. इतकी साधी आणि इतकी हलकी गोष्ट होती ती.

ती हातात कागदी नकाशा घेऊन उभी होती. मी जवळ गेले आणि म्हणाले, "माझं डोकं लई दुखून राहिलंय. उन्हानं असेल. तू जाशील का?"

तिनं माझ्याकडं नीट पाहिलं. "गोळी देऊ का?"

"नको. बसते इथंच सावलीत."

तिनं नकाशा उलटून पाहिला. फोन माझ्या हातातच होता. तो दे, असं ती म्हणाली नाही, आणि घेऊन जा, असं मी म्हणाले नाही. नंतर कित्येकदा मी स्वतःला समजावलं की मला सुचलंच नाही. सुचलं होतं. पण फोन गेला असता तर मला फोटो काढता आले नसते.

"सर एकटीला जाऊ देणार न्हाईत," ती म्हणाली.

"सर तिकडं तिकिटाच्या रांगेत आहेत. लवकर जाऊन ये."

ती गेली. मी सावलीत बसले नाही.

आकाशपाळण्याच्या काचेच्या खोलीत आम्ही सात जणी-जण होतो. पाळणा इतका सावकाश वर जातो की हलतोय हेच कळत नाही. नदी खाली राहिली, पूल काडेपेटीएवढे झाले. सगळे हसत होते, मीही हसत होते. आम्ही जवळजवळ वर पोचलो आणि माझा फोन वाजला. 'बाबा हदगाव.' साडेबारा झाले होते.

मी कॉल कट केला.

परत वाजला. डाळमिलवाल्या मुलानं विचारलं, "कोण आहे?" मी म्हणाले, घरून आहे, नंतर बोलते. आणि कट केला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मी स्क्रीनकडं बघत राहिले. त्यावर कोपऱ्यात माझाच चेहरा दिसत होता आणि मागं अख्खं शहर. उचलला असता तर त्यांना आधी तेच दिसलं असतं. त्यांनी विचारलं असतं, ती कुठाय? कट केला, आणि फोनच बंद करून टाकला. नंतर फोटो दुसरीच्या फोनवर काढले.

तीन वाजता सगळे बसपाशी जमले. ती नव्हती. पुढं एका वस्तुसंग्रहालयाची वेळ ठरलेली होती, ती टळत चालली. सरांचा पारा चढला. ते सगळ्यांना विचारत होते, तिच्यासोबत कोण गेलंय? मी मागच्या बाजूला उभी राहिले.

चार वाजायला दहा मिनिटं कमी असताना ती दिसली. पळत येत होती, ओढणी गळ्याभोवती गुंडाळलेली. भुयारी रेल्वे मधेच बंद पडली म्हणून सगळ्यांना वर काढलं, आणि मग बस उलट्या दिशेची धरली, असं ती धापा टाकत सांगू लागली. सरांनी तिला पुढं बोलू दिलं नाही.

"कुणाला विचारून एकटी गेलीस? काही झालं असतं तर तुझ्या बापाला मी काय तोंड दाखवलं असतं?"

"चुकलं सर."

"तुम्ही दोघी जाणार होतात ना?" सर माझ्याकडं वळले.

माझ्या आधी तीच बोलली. "हिचं डोकं दुखत होतं सर. मीच म्हणलं, राहू दे."

त्याच वेळी शेजारी एकीच्या फोनवर पाळण्यातले फोटो सगळे बघत होते. त्यातल्या तीन-चार फोटोंत मी मधोमध होते, तोंडभर हसत. तिची नजर त्या फोनवर गेली, आणि मग रस्त्याकडं गेली.

बस निघाल्यावर ती माझ्या शेजारीच बसली. दुसरी जागा नव्हती. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "बाबांचा फोन आला होता का गं?"

"नाही," मी म्हणाले.

"ठरलं होतं की पाचला." तिनं गळ्याभोवतीची ओढणी सोडून नीट घेतली. "त्यांचा फोन जुना झालाय. लागत नसंल."

मग तिनं आपण होऊन मला त्या घराचं सांगितलं. अरुंद जिना, टेबल, पुस्तकं. ती तिथं जेमतेम वीस मिनिटं होती. वहीत अभिप्राय लिहायचा होता तर तिनं बाबांचं नाव आणि खाली 'हदगाव आगार' असं लिहिलं, कारण दुसरं काही आठवेना. सांगताना तिचा आवाज साधा होता. मी हं, हं करत राहिले. रात्री घरी बोलायला तिनं फोन मागितला तेव्हा चार्जर सापडत नाही म्हणाले, आणि दोन दिवस तो बंदच ठेवला.

लातूरला परतल्यावर दोन महिन्यांनी त्याच प्रयोगशाळेत वर्षभराच्या कामासाठी आमच्यातल्या एकाला पाठवायचं ठरलं. काम तिचं सरस होतं. हे तिकडच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनीही पत्रात लिहिलं होतं. कॉलेजानं तिघांची समिती नेमली. सरांच्या अहवालात तिच्या नावापुढं, गटाचा नियम मोडून एकटी गेली, पाऊण तास उशिरा आली, असं लिहिलेलं होतं. समितीनं मला बोलावलं. त्यातले एक जण म्हणाले, "तुम्ही एका खोलीत राहत होता. एकटी जाऊ नको म्हणून तू तिला अडवलं होतंस का?"

मी म्हणाले, "हाव सर."

दोनच शब्द. आणि निवड माझी झाली.

ती माझं अभिनंदन करायला वसतिगृहावर आली होती. लातूरच्या पेढ्यांचा एक पुडा आणला होता. "ते भुंगेरे नीट मोज," एवढंच म्हणाली. मी वर्षभर तिकडं राहिले. त्या घरापासून मी रेल्वेनं दीड तासावर होते. वर्षभरात लंडनला सात-आठ वेळा गेले असेन. त्या घराकडं गेले नाही. एकदा जवळच्या स्टेशनपर्यंत जाऊन परत फिरले.

परत आल्यावर मला नांदेडला प्राध्यापकाची नोकरी मिळाली. ती स्पर्धा परीक्षा देऊन कृषी खात्यात अधिकारी झाली, नेमणूक लातूरला. सणावाराला आमचे मेसेज असायचे. बोलणं असं होत नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी सोयाबीनच्या बियाण्याची उगवण घरच्या घरी कशी तपासायची हे शेतकऱ्यांना दाखवायला मी हदगावला गेले होते. गोणपाटावर शंभर दाणे मांडायचे, ओलं करून गुंडाळायचं, आठवड्यानं उगवलेले मोजायचे. काम दुपारीच उरकलं. स्टँडवर आले तर नांदेडची गाडी लागलेली होती. मी चढले नाही. एका रिक्षावाल्याला विचारून तिच्या घरी गेले.

बाबा रिटायर झाले होते. दारातच खुर्ची टाकून पेपर वाचत होते. मला बघून उठले आणि म्हणाले, "जय भीम." मी सवयीनं नमस्कार म्हणाले. त्यांनी आत हाक दिली, "आवं, लंडनची पोरगी आली." काकू आल्या, पदराला हात पुसत. दोघांनी मला खुर्चीवर बसवलं आणि स्वतः ओट्यावर बसले.

इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग बाबाच म्हणाले, "ह्या अंगणात त्या दिवशी पन्नासेक लोक बसले होते बघ. सतरंज्या टाकल्या होत्या. टीव्हीला फोन जोडून ठिवला होता शेजारच्यानं, सगळ्यांला दिसावं म्हणून."

मला तिथं बसवेना. मी म्हणाले, "काका, त्या दिवशी फोन माझ्याजवळ होता. तुमचा कॉल आला होता. मी कट केला. तिन्ही वेळा."

बाबांनी पेपरची घडी घातली.

"ठाऊक हाय," ते म्हणाले. "वाजून कट झाल्याचं कळतंय की. तीनदा कट झाला आन् मंग बंदच लागला."

"तिला सांगितलं नाही तुम्ही?"

"कसं सांगू? परक्या मुलखात पोरीला तुझी एकटीची सोबत. ती बी तुटली असती. म्हणलं, फोन लागला न्हाई."

"आणि लोकांना?"

"लोकांला म्हणलं, नेट न्हाई तिकडं. हसले लोक. लंडनमधी नेट न्हाई म्हणल्यावर हसतीलच की." ते स्वतःही थोडं हसले. मग म्हणाले, "का केलास, हे मी इचारत न्हाई. पर तिला तू सांग. मी न्हाई सांगणार."

काकूंनी चहा आणला. मी प्याले. निघताना त्या दाराशी आल्या आणि म्हणाल्या, "पोरीचा आवाज ऐकेपतूर मी दोन दिस जेवले न्हवते त्या वेळी. मला वाटलं, पोरीला काय झालं की काय." त्या रागानं बोलल्या नाहीत. मला राग सोपा गेला असता.

पुढच्या आठवड्यात मी लातूरला तिच्या ऑफिसात गेले. टेबलावर मातीच्या नमुन्यांच्या पिशव्या होत्या, बाहेर बाकावर शेतकरी बसलेले. तिनं दार लोटून घेतलं आणि मी सगळं सांगितलं. डोकेदुखी, पाळणा, फोन, समिती.

मी थांबल्यावर ती म्हणाली, "डोकं दुखत न्हवतं हे मला त्याच दिवशी कळलं. फोटोत हसून राहिली होतीस. समितीपुढं हाव म्हणलीस, तेही सरांनीच सांगितलं. मी म्हणलं, जाऊ दे, तिलाही जायचंच असंल." तिनं एक पिशवी उचलून बाजूला ठेवली. "फोनचं न्हवतं ठाऊक."

मी पाण्याचा ग्लास पुढं ओढला.

"बाबांना मी किती बोलले त्यावरून. तुमचा खटारा फोन, नेमका तेव्हाच लागला न्हाई म्हणून. पहिल्या पगारात मी त्यांना नवा फोन घेऊन दिला. त्यांनी घेतला. काही बोलले न्हाईत."

मी माफी मागितली. तिनं मान हलवली; ती हो म्हणून होती की नुसतीच, मला कळलं नाही. मग दारावर कुणीतरी टकटक केली आणि ती म्हणाली, "लोक बसून हायेत बाहेर."

सांगितल्यावर मन हलकं होतं म्हणतात. माझं झालं नाही. उलट आधी मला एकाच माणसाचं वाईट वाटायचं. आता काकूंचे ते दोन दिवस आहेत, बाबांनी निमूट घेतलेला तो फोन आहे, आणि सतरंज्यांवर बसून टीव्हीच्या काळ्या काचेकडं बघणारे पन्नास लोक आहेत. त्यांतल्या कुणाचीच मी नावं विचारलेली नाहीत.

गेल्या हिवाळ्यात नांदेडला बियाण्यांवर एक बैठक होती. तीही आली होती. नेमकी माझ्या शेजारची खुर्ची तिला मिळाली. आम्ही दोघींनी आपापलं सादरीकरण केलं. तिचं माझ्यापेक्षा चांगलं झालं. मधल्या वेळेत शिपाई चहाची किटली घेऊन आला. तिनं माझ्यापुढं कप सरकवला आणि अगदी आदबीनं विचारलं, "मॅडम, साखर चालते ना तुम्हाला?"

सहा आठवडे आम्ही एकाच भांड्यात चहा केला होता. मला किती साखर लागते ते तिला पक्कं ठाऊक होतं.

मी म्हणाले, "चालते, मॅडम."